एकतिसावं टोक

“लाव हात,” भागीकाकी म्हणाली.

आडबंदरच्या बर्फखोलीच्या गच्चीवर आम्ही दोघीच होतो. सकाळचे दहा वाजले होते. समोर सोळा सोलर पॅनेलं, खाली बंदरावर सुकत घातलेले बांगडे, आणि भागीकाकीचं बोट पहिल्या पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीकडे.

“तूच बसवलंस ना ह्या सगळा? मगे लाव.”

मी खिशातून टेस्टर काढला.

“तो ठेव खिशात. शेवंतीकडे खंय होतो टेस्टर? ती ओलो फडको घेऊन पुसत होती.”

मी हात लावला नाही. बारा वर्षं झाली, पण त्या वेळी माझा हात कमरेपाशी कसा लोंबत होता ते मला अजून दिसतं.

चार दिवसांपूर्वी शेवंती जोगल पॅनेलं धुवायला वर आली होती. चौकटीला ओला हात लागला, आणि तिला कुणी लाथ घालावी तशी ती मागे फेकली गेली. स्टूल पालथं पडलं, उजवा हात मनगटात मोडला. ती नशिबानं वाचली. गच्चीला कठडा होता म्हणून. तो नसता तर मी ही गोष्ट तुरुंगातून सांगत असते, आणि ते रास्त झालं असतं.

बर्फखोली अकरा बायकांची. सगळ्या गाबतिणी, होड्यांवरून मासळी उतरवून बाजाराला नेणाऱ्या. आधी बर्फाचा टेंपो व्यापाऱ्याच्या मर्जीनं यायचा, आणि त्याची मर्जी फिरली की मासळी कुजायची. वर्षापूर्वी सोलरवर चालणारी खोली मिळाली तेव्हापासून त्या कुणाच्या टेंपोची वाट बघत नव्हत्या. शेवंती पडली त्या दिवशी भागीकाकीनं मुख्य बटण पाडलं आणि खोली बंद केली.

“आयतवारी सभा आसा,” ती म्हणाली. “अकराजणी बसतलव. ही पॅनेलां ठेवायची काय काढून परत धाडायची, ता ठरवतलव. धाडली तर कागदार कारण लिवचा लागता. कारण काय लिवचा ता तू सांग.”

“बघते आधी.”

“बघ. आयतवारी मी परत सांगतलंय, लाव हात म्हणान. तेव्हा लावलंस तर खोली चालू. नाय लावलंस तर तुझी पॅनेलां तू घेऊन जा.”

त्या दिवशी गुरुवार होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कंपनीच्या ठेकेदाराकडे चाळीस फिटर होते आणि त्यांत बाई मी एकटी. कागदावर ‘कामात चूक’ असं आलं असतं तर ते माझ्या एकटीच्या नावावर राहिलं नसतं. ‘बायकांकडून करून घेतलं की असंच होतं’ असं म्हणायला एकोणचाळीस तोंडं टपलेलीच होती. मी तापट होते, कुणी काही बोललं की दुप्पट बोलायची. पण त्या गच्चीवर माझ्याशी कुणी वाकडं बोललंच नव्हतं. फक्त ‘हात लाव’ म्हटलं होतं.

ती खाली गेल्यावर मी सगळं बंद केलं, पॅनेलांवर ताडपत्री ओढली आणि पहिला बोल्ट उघडायला घेतला.

आता एवढं सांगायला लागेल. प्रत्येक पॅनेलची चौकट तांब्याच्या उघड्या वायरनं शेजारच्या चौकटीला जोडायची, आणि शेवटची वायर जमिनीत पुरलेल्या नळापर्यंत न्यायची. त्याला अर्थिंग म्हणतात. कुठे वायर सोलली आणि चौकटीत करंट उतरला तर तो माणसात न जाता जमिनीत जावा म्हणून ते करतात. वायरच्या दोन्ही टोकांना तांब्याची चपटी पट्टी दाबून बसवलेली असते, तिला भोक असतं, त्यातून बोल्ट जातो. त्या पट्टीला आम्ही लग म्हणतो.

पहिल्या बोल्टला पाना लावला आणि बोल्ट तसाच हातात आला. फिरवायचीही गरज पडली नाही. लगच्या खाली पांढरी भुकटी होती, पापडखारासारखी. फुंकली तर उडाली, आणि मागे चौकटीत अंगठा जाईल एवढं कुरतडलेलं भोक. तांबं ठणठणीत होतं. ॲल्युमिनियम खाऊन टाकलेलं. दुसरा बोल्ट तसाच. तिसरा तसाच. नवव्या पॅनेलखाली एक वायर चौकटीच्या धारेवर घासून सोललेली सापडली. करंट तिथून उतरला होता, आणि त्याला जमिनीत जायला वाटच उरली नव्हती. ती त्यानं शेवंतीतून काढली.

मी ऑफिसात साहेबांना फोन केला. साहेब चांगले होते, ओरडायचे नाहीत. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

“समुद्राकाठी तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट चिकटवलं आणि मध्ये खारं पाणी गेलं की तिथे बॅटरीसारखा सेल तयार होतो,” ते म्हणाले. “त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणून तर लगवर टिनचा लेप असतो आणि मध्ये स्टीलचा वायसर घालतात. तुला दिलेल्या लगवर लेप होता ना?”

“होता.”

ते खोटं नव्हतं. निम्मं होतं.

“मग एवढ्या लवकर कसं? बरं, नवे लग पाठवतो. आठ दिवस लागतील.”

माझ्याकडे तीन दिवस होते.

मी गच्चीच्या कठड्याला टेकून बराच वेळ बसले. मग ज्या नंबरावर मी वर्षातून दोनदा फोन करायची तो लावला.

“आबा, मी वैजू.”

“कोण गेलं?”

मी दिवाळीला आणि मयताला फोन करते हे त्यांना माहीत होतं. दिवाळी नव्हती.

“कुणी न्हाई गेलं. घरात कथील हाय का?”

पलीकडे एक श्वास मागेपुढे झाला.

“किती पायजे?”

“तुम्हीच पायजे. भाता घेऊन.”

आम्ही आजऱ्याचे ओतारी. माझे वडील, दत्तोबा ओतारी, कल्हई करायचे. खांद्यावर भाता, हातात सांडशी, गल्लीत शिरलं की एक लांब हाळी. लोक तांब्यापितळेची भांडी आणून टाकायचे आणि लांब उभे राहायचे. प्यायला पाणी मागितलं तर आमच्याच कल्हईच्या भांड्यातलं, वरून ओंजळीत. आई गेल्यावर मी त्यांच्याबरोबर फिरायची, सात वर्षांची होते तेव्हापासून. भाता मी मारायची. शाळेत मला वैजयंता म्हणून कुणी हाक मारली नाही. मुली ‘कल्हई’ म्हणायच्या. मी दोघींचे दात पाडले, तरी म्हणायच्या.

शनिवारी सकाळच्या एसटीनं आबा उतरले. सदुसष्ट वर्षांचे, भुवया जळून विरळ झालेल्या, काखेत गोणपाटात गुंडाळलेला भाता.

“कंडक्टर म्हणाला, आत पेटी हाय का?” ते म्हणाले. “म्हणलं व्हय, भजनाला चाललोय. त्यानं म्होरली शीट दिली.”

नऊ वर्षांत आम्ही सलग दहा वाक्यं बोललो नव्हतो, आणि ते असे बोलले जणू काल संध्याकाळी भेटलो होतो.

भागीकाकी बंदरावरच होती. तिनं आबांकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ह्ये कोण? साहेब?”

“माझे वडील.”

“बापाशीक आणलंस? मार खावचो तर एकट्यान खावचो गो.” पण आबांना म्हणाली, “येवा दादानू, आधी च्या घेवा.”

चहा पिऊन आम्ही वर गेलो. आबांनी ताडपत्री बाजूला केली, एका वायरचं टोक उचललं आणि लग उन्हाकडे धरून फिरवला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. नखानं त्यावरून हळूच ओढलं. मग एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी समुद्राकडे बघत होते.

त्यांनी खिशातून छोटी कातर काढली, वायरचं ते टोक लगसकट कापलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

“काय झाला दादानू?” भागीकाकीनं विचारलं.

“खाल्लंय. खारी हवा.”

“हवेन लोखंड खाल्लेला म्हायत आसा. ह्या तर गंजणा नाय म्हणतत.”

“तांब्याच्या पातेल्यात कढी कराल का तुम्ही, कल्हईबिगर?”

“खुळी आसंय काय? कळकतली.”

“तसंच हाय बघा. नुसतं तांबं असूं द्या, काय हुईत न्हाई. नुसतं ह्या चौकटीचं जर्मल असूं द्या, काय हुईत न्हाई. दोगं एकाला एक चिकटलं आणि मधी आंबट-खारट गेलं, की एकानं दुसऱ्याला खायचंच. आणि कुणी कुणाला खायचं ते आधीच ठरल्यालं असतंय.”

भागीकाकीनं बंदरावरच्या होड्यांकडे पाहिलं. “म्हणजे होडयेच्या पंख्याक आमी जस्ताची वडी बांधतव, तसा? वडी जाता, पंखो रवता.”

“बराबर. हितं वडीच्या जागी ही चौकट गेली.”

“साहेबान ह्या वरसापूर्वी सांगितल्यान असता तर आमका कळला असता. तो आमका सायन्स सांगून गेलो.”

आबा हसले. हाताच्या पालथ्या बाजूनं त्यांनी चौकटीवरची भुकटी पुसली आणि म्हणाले, “गंमत बघ वैजू. ह्या जर्मलच्या भांड्यांनी माझा धंदा बुडवला. आणि आज त्येलाच वाचवाया मी एसटीनं आलोय.”

मला हसू आलं नाही. मी पुढच्या बोल्टला पाना लावला.

वायरी सगळ्या उतरवून आम्ही खाली आणल्या. मोजल्या, एकतीस टोकं भरली. कापलेल्या टोकावर मी पेटीतल्या जुन्या वायरीचा एक लग दाबून बसवला. बर्फखोलीमागच्या वाळूत आबांनी खड्डा केला. कोळसा मिळेना, तर भागीकाकी करवंट्यांची टोपली घेऊन आली. आबांनी एक करवंटी हातात वजन बघावी तशी घेतली, “ह्यो जाळ कोळशाला मागं टाकतोय,” म्हणाले, आणि भात्याचा दांडा माझ्याकडे सरकवला.

मी बसले.

हात विसरत नाहीत. दोन लांब, एक आखूड. जाळ निळा झाला. आबांनी सांडशीत लग धरून तापवला, कापसाच्या बोळ्यानं नवसागर फिरवला, पांढरा धूर उठला आणि तो वास नाकात गेला. नऊ वर्षं मी त्या वासापासून पळत होते. त्यांनी कथलाची कांडी टेकवली, थेंब वितळला, आणि फडक्याचा एकच हलका फटकारा. तांब्याचा लाल रंग गेला आणि चांदण्यासारखं पांढरं आलं. मग पाण्यात. छुन्न.

“धू,” ते म्हणाले.

मी धुतलं.

“आनी धू. नवसागर राहिला तर त्योच खाईल. चोर राखणीला बसवल्यागत.”

त्या धुरात मला तो फॉर्म आठवला. आयटीआयच्या प्रवेशाचा. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं होतं. आम्हाला कुंडीत तुळस लावायला माती उसनी आणावी लागायची. फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती. आबा चौथी शिकलेले, सावकाश पण सगळं वाचायचे. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं, त्या रकान्यापाशी बोट जरा थांबलं, आणि त्यांनी सही केली. दोन दिवसांनी मी सांगलीला गेले ती गेलेच.

दुपारपर्यंत पंधरा-सोळा टोकं झाली. तेवढ्यात भागीकाकी एक काचेची बरणी घेऊन आली. लोणच्याची, झाकणाला फडकं बांधलेलं. तिनं ती माझ्यापुढे वाळूत ठेवली.

“ह्या तुझा आसा.”

बरणीत स्टीलचे दातेरी वायसर होते. बरणी अर्ध्याच्या वर भरलेली.

“तू काम करून गेलंस तेव्हा गच्चीर पिशयेत रवलेले. आमी म्हटला, जास्ती आणले असतील. टाकूचे कित्याक, म्हणान भरून ठेवले. एकदा मोजलंय. बासष्ट. एकतीस बोल्ट, आणि बासष्ट वायसर उरले.” तिचे डोळे माझ्यावरून हलेनात. “जास्तीच आणले असतील ना गो?”

आबा लगकडे बघत म्हणाले, “भाता मार, जाळ पडतोय.”

मी भाता मारला. भागीकाकी बरणी तिथेच ठेवून गेली.

ऊन उतरता उतरता तीस टोकं झाली. एकासारखं एक, गुळगुळीत. आबांनी एकतिसावं उचललं आणि सांडशी माझ्या हातात दिली.

“हे तू कर.”

“मला येत न्हाई.”

“दहा वर्सं बघितलंस की.”

“बघितलं. केलं कुठं?”

“मग कर आता.”

त्यांनी दांडा घेतला. मी टोक तापवलं, जास्तच तापवलं, नवसागर फिरवला, कांडी टेकवली. फडकं फिरवायला मला क्षणभर उशीर झाला. कथील एका बाजूला गोळा होऊन थिजलं, मुरमाच्या पुटकुळीसारखं.

“बिघडलं.”

“झाकलंय का तांबं सगळं?”

“झाकलंय. पण ओबडधोबड झालंय.”

“कल्हई रूपाला नसती करत.” त्यांनी ते पाण्यात बुडवून ओळीत शेवटी ठेवलं.

उरलेलं काम रविवारी पहाटे उजाडताच सुरू केलं. सोललेली वायर बदलली. चौकटीतली खाल्लेली भोकं सोडून शेजारी नवी पाडली, तेवढी जागा घासून लख्ख केली. लग आणि चौकट यांच्या मध्ये बरणीतला दातेरी वायसर, वर दुसरा, मग बोल्ट, आणि सगळ्यावर ग्रीसचा जाड थर, पाणी शिरू नये म्हणून. या वेळी वायर मी चौकटीच्या खालून घेतली.

“आधी वरनं हुती की,” आबा म्हणाले. ते मला बोल्ट देत होते.

“तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियमवर पडलं तरी ते खातं. म्हणून तांबं खाली ठेवायचं. पाणी वरून खाली जाऊ दे, पण तांब्याकडून चौकटीकडे नको.”

त्यांनी मान हलवली. चार बोल्ट झाल्यावर म्हणाले, “हे मला म्हाईत नव्हतं.”

त्यांच्या तोंडून असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

नवव्या पॅनेलला वायर जोडताना हातात ते पुटकुळीचं टोक आलं. मी बाजूला ठेवायला गेले, तर आबा म्हणाले, “हितंच लाव. जिथनं करंट उतरला, तिथं.”

दहा वाजता अकराजणी वर आल्या. शेवंती पुढे, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात फडक्याची झोळी. लहान चणीची, तोंडानं फटकळ. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कठड्याला टेकून बसली. मी ताडपत्री काढली, मीटरनं एकेक जोड तपासून दाखवला, मग बटण चढवलं. खाली बर्फखोलीचं मशीन गुरगुरलं. आठवड्यानं आवाज आला तशा दोघीतिघी आपसूक जिन्याकडे वळून बघायला लागल्या.

भागीकाकी मांडीवर सभेची वही आणि कंपनीचा कागद घेऊन बसली.

“कारण?” तिनं पेन उचललं.

“खारी हवा हो,” आबा म्हणाले. “हितल्या हवेला साधी कल्हई टिकत न्हाई. पोरीनं नीट केलं हुतं. हवेनं खाल्लं.”

ते सहज बोलले. समोरच्या बायकांनी माना डोलावल्या. समुद्राकाठी राहणाऱ्यांना खाऱ्या हवेवर काहीही खपवता येतं, ती खातेच सगळं. भागीकाकीचं पेन कागदावर टेकलं.

मी गप्प बसले असते तर सुटले असते. आजही कधीकधी वाटतं, का बोलले?

“हवेनं नाही,” मी म्हटलं. “मी घासली.”

“वैजू,” आबा म्हणाले.

“लगवर कल्हई होती. कंपनीतूनच होती. मी कानशीनं घासून काढली, एकेक करत, दीड दिवस. वायसरपण मीच घातले नाहीत. मला वाटलं, तांबं थेट चौकटीला लागलं पाहिजे, मध्ये काही नको.”

“कित्याक?” शेवंतीनं विचारलं.

तिच्या प्लॅस्टरकडे बघून मला दुसरं काही सांगता येईना.

वर्षापूर्वी याच गच्चीवर मी लगचं पाकीट फोडलं होतं, आणि तो पांढरा रंग बोटांनी डोळ्यांच्या आधी ओळखला होता. कंपनी त्याला टिन कोटिंग म्हणायची, पण मला फसवता येणार नव्हतं. ती कल्हई होती. आजऱ्यापासून मी इतकी लांब आले, हातात मीटर घेतला, डोक्यावर हेल्मेट घातलं, आणि ती पाकिटात बसून माझ्या आधी इथे पोचली होती.

“माझे वडील कल्हई करतात,” मी म्हटलं. “मला त्याची लाज वाटायची. माझ्या कामावर मला कल्हई नको होती. एवढंच. त्यापायी तुझा हात मोडला.”

खाली मशीन चालू होतं.

“दादानू,” भागीकाकीनं हळू विचारलं, “तुमका म्हायत होता?”

आबांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. “कानशीचे वरखडे मला कळत न्हाईत व्हय? पण बाप हाय मी तिचा. मी काय म्हणून सांगू?”

शेवंती उठली. माझ्यापुढे येऊन डावा हात पसरला.

“ती कानस दी.”

“काय?”

“कानस गो. आसा ना पेटयेत? माका दी. तुझ्याकडे नको ती.” मी काढून दिली. तिनं ती उलटसुलट केली. “खवलां काढूक बरी आसा. चुकलंस ता चुकलंस. आता हात लाव बघया, माका उन्हात बसाक होणा नाय.”

मी पुढे झाले. माझ्या आधी आबांचा हात चौकटीकडे गेला होता.

“तुमी नको,” भागीकाकी म्हणाली. “तिका लावूंदे.”

मी मुद्दाम तळवे पाण्याच्या बादलीत बुडवले. नवव्या पॅनेलसमोर उभी राहिले आणि दोन्ही हात चौकटीवर ठेवले, चांगले दाबून.

चटका बसला. उन्हाचा.

मी हात काढले नाहीत. एकदोन बायका हसल्या, मग सगळ्याच. भागीकाकीनं वहीत काहीतरी लिहिलं, मग कंपनीचा कागद वर घेतला.

“कारण मी लिवतंय, ‘लग घासले होते, वायसर घातले नव्हते, आता दुरुस्त.’ नाव घालूचा काय?”

“घाल.”

“घालतंय. लपवून ठेवला तर परत कोणतरी घासतलो.” तिनं माझं नाव लिहिलं. मग पुढचा रकाना. “दुरुस्ती करणाऱ्याचा नाव?”

“दत्तोबा ओतारी,” मी म्हटलं.

“धंदो?”

“शेती लिव्हा,” आबा चटकन म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. फडक्यानं सांडशी पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते. त्यांच्या मनात काही टोमणा नव्हता. नऊ वर्षांपूर्वी लेकीनं जे लिहिलं ते त्यांनी तेव्हापासून पाठ करून ठेवलं होतं, कधी कुणी विचारलं तर लेक खोटी पडू नये म्हणून.

“काकी,” मी म्हटलं, “कल्हईवाला लिही.”

मी परत म्हटलं, मोठ्यानं. “माझे वडील कल्हईवाले आहेत. तसंच लिही.”

भागीकाकीनं सावकाश लिहिलं. आबांनी हात लांब केला, कागद घेतला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचलं. एका जागी बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, “च्या हाय का हो?”

ठेकेदारानं मला दोन महिने घरी बसवलं. एकोणचाळीस तोंडांना जे बोलायचं ते बोलून झालं. मी त्यांना उत्तरं दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. मग खाऱ्या पट्ट्यातलं अर्थिंग तपासायला त्यांना माझ्याचकडे यावं लागलं.

आबा जाऊन चार वर्षं झाली. दर फेब्रुवारीत मी आडबंदरला जाते. शेवंती त्याच कानशीनं खवलं काढते आणि मला बघून मुद्दाम जोरात काढते. मी गच्चीवर जाऊन सगळे जोड उघडते, पुसते, मीटर लावते, ग्रीस भरते. तीस टोकं गुळगुळीत आहेत. नवव्या पॅनेलपाशी एकाला पुटकुळी आहे.

“बदल गो तो एकदाचो,” या वर्षी भागीकाकी म्हणाली. आता तिला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. “तुझ्याकडे नवे आसत ना? बघूक बरो दिसणा नाय.”

“तांबं झाकलंय,” मी म्हटलं. “असू दे.”

ती कठड्यावर टेकली, श्वास घेतला आणि दरवर्षी म्हणते तेच म्हणाली.

“मगे लाव हात.”